‘आरसीसी’ धरणात सळ्या नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात मुंबई महानगर प्रदेशासाठी होऊ घातलेल्या धरणांवर मोठा लेख आला होता. गारगाई, पोशीर, शिलार ही नावे, पाणी किती, खर्च किती, जमीन कुणाची बुडणार, हे सगळे त्यात होते. लिहिणाऱ्याने कष्ट घेतल्याचे दिसत होते. पण शेजारच्या चौकटीतले एक वाक्य मी तीनदा वाचले. आता धरणे आरसीसीची, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची होतात, म्हणून ती जुन्या दगडी धरणांपेक्षा मजबूत असतात, अशा अर्थाचे ते वाक्य होते.

ते चुकीचे आहे. आपल्या घराच्या स्लॅबचे आरसीसी वेगळे आणि धरणाचे आरसीसी वेगळे. अक्षरे तीच आहेत, पण धरणाच्या बाबतीत पहिले अक्षर रोलरचे. रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट, म्हणजे रस्त्याच्या कामावर फिरतो तसा रोलर फिरवून दाबलेले काँक्रीट. सांडव्याला, दरवाजांच्या खांबांना, आतल्या गॅलरीच्या, म्हणजे धरणाच्या पोटातून जाणाऱ्या बोगद्यासारख्या वाटेच्या, छताला लोखंड असते. धरणाचा जो मूळ देह, त्यात मात्र एकही सळी नसते. तो पाण्याला थोपवतो ते निव्वळ आपल्या वजनावर आणि पायाच्या खडकाला धरून.

एका शब्दाच्या चुकीसाठी मी एवढे लांब पत्र लिहिले नसते. पण सळ्या आहेत म्हणजे धरण भक्कम, असे एकदा वाचकाच्या मनात बसले की जो प्रश्न त्याने विचारायला हवा तो तो विचारतच नाही. तो प्रश्न सळ्यांचा नाही, सांध्यांचा आहे. आणि तो मी जवळून पाहिला आहे.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या बांधकाम साहित्याच्या एका चाचणी प्रयोगशाळेत २९ वर्षे काम केले. माहेर शहापूर तालुक्यातले, खर्डीच्या बाजूचे; लग्नानंतर कळव्याला आले ती इथलीच झाले. प्रयोगशाळेत रोजचे काम ठरलेले. घोडबंदर रोडवरच्या इमारतींचे, ऐरोली-घणसोलीच्या कामांचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चौकोनी नमुने, यायचे, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी ते यंत्रात फोडायचे, आकडा वहीत लिहायचा. साइटवर गेलो तर स्लंप घ्यायचा. पत्र्याच्या शंकूत काँक्रीट भरायचे, शंकू वर उचलायचा आणि ढीग किती खचला ते पट्टीने मोजायचे. काँक्रीट म्हणजे एवढेच, असे मला कित्येक वर्षे वाटत होते.

मग आमच्या प्रयोगशाळेकडे दूरच्या एका राज्यातल्या धरणाचे काम आले आणि तिथल्या साइट लॅबवर दोन हंगाम मला पाठवले. त्या धरणाचे आणि तिथल्या कंपन्यांचे नाव मी लिहीत नाही. पहिल्याच दिवशी सवयीने मी शंकू भरला आणि उचलला. काँक्रीट जागचे हललेच नाही. ओल्या मुरमासारखे ते शंकूच्या आकारात उभे राहिले. आमचे तिथले ज्येष्ठ म्हणाले, ‘‘ताई, हा शंकू पेटीत ठेवून द्या. इथे घड्याळ लागतं.’’

ते घड्याळ म्हणजे व्हीबी चाचणीचे. थरथरणाऱ्या मेजावर एक गोल भांडे, त्यात काँक्रीट, त्यावर वजनाची चकती. मेज सुरू केले की किती सेकंदांनी चकतीच्या कडेने सिमेंटच्या चिकट लगद्याची पूर्ण गोल रिंग वर येते, ते मोजायचे. फार सेकंद लागले तर काँक्रीट कोरडे, रोलरखाली नीट बसणार नाही. फार लवकर रिंग आली तर ओले, रोलर त्यात रुतेल. आम्ही आठ ते पंधरा सेकंदांच्या मध्ये राहायला धडपडायचो. दुपारी ऊन चढले की सेकंद वाढायचे, पहाटे उतरायचे. काँक्रीट मिसळणाऱ्या बॅचिंग प्लँटला फोन करून ‘पाणी चार लिटर वाढवा’ असे सांगायचा अधिकार त्या घड्याळामुळे माझ्यासारखीला मिळाला होता. मी त्या कामावर जीव ओतला.

आता हे धरण वर कसे चढते ते सांगते. पूर्वीच्या काँक्रीट धरणात एकेक ठोकळा दीड-दोन मीटर उंचीचा ओतायचा, भोवती फळ्या बांधायच्या, मग काही दिवस थांबायचे. थांबायचे कारण सिमेंट पाण्याशी मिळाले की तापते. पातळ स्लॅबमधून ती उष्णता निघून जाते, धरणाच्या पोटात ती वर्षानुवर्षे अडकते. मग बाहेरचा भाग निवतो, आतला गरम राहतो आणि काँक्रीट तडकते. अमेरिकेतल्या हूव्हर धरणात १९३० च्या दशकात याच कारणासाठी काँक्रीटच्या पोटात नळ्यांचे जाळे घालून त्यांतून गार पाणी फिरवले होते.

आरसीसीमध्ये ही अडचण मुळातून कमी केली जाते. सिमेंट कमी, त्याच्या जोडीला औष्णिक वीज केंद्राची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, भरपूर. डंपरने किंवा पट्ट्याने माल आणायचा, डोझरने पसरायचा, साधारण तीस सेंटिमीटरचा थर, त्यावर व्हायब्रेटरी रोलरच्या फेऱ्या, लगेच वरचा थर. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दर ठरावीक अंतरावर यंत्राचे पाते ताज्या थरात घुसवून मुद्दाम फट सोडायची, म्हणजे पुढे आकुंचन झाले तर धरण ठरवलेल्या जागीच फाकेल, मन मानेल तिथे नाही. ठोकळ्यांच्या पद्धतीने ज्याला तीन-चार हंगाम लागतील ते एका-दोन हंगामांत उभे राहते.

सह्याद्रीत तर याची किंमत फार मोठी आहे. आपल्याकडे काम करायला ऑक्टोबर ते मे एवढाच वेळ. जूनमध्ये पाऊस लागला की नदी धरणाच्या जागी येऊन उभी राहते. अर्धवट मातीचा बांध पुरात वाहून जाऊ शकतो; अर्धवट आरसीसी धरणावरून पूर गेला तरी ते बहुधा टिकते, फक्त वर गाळ येतो, तो धुवावा लागतो.

पण ही गती ज्या थरांमुळे मिळते तेच थर याचे मर्मस्थान आहेत. हिशेब साधा आहे. ९० मीटर उंचीचे धरण तीस सेंटिमीटरच्या थरांनी बांधले तर तीनशे थर होतात. तीनशे थर म्हणजे त्यांच्यामध्ये तीनशेच्या आसपास आडवे सांधे, पाण्याच्या बाजूपासून कोरड्या बाजूपर्यंत आरपार गेलेले. थराच्या पोटातले काँक्रीट कितीही चांगले असो, पाणी शोधत जाणार ते सांध्यातून. धरण सरकायचे झाले तर तेही सांध्यावरून. क्यूबचा आकडा या सांध्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण क्यूबमध्ये सांधा नसतो.

हे शहाणपण जगाला अनुभवातूनच आले. मूळ विचार १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथल्या परिषदेत जेरोम राफेल यांनी मांडला: मातीच्या धरणाची यंत्रे वापरा, पण मातीत सिमेंट मिसळा, म्हणजे धरण कमी जाडीचे होईल. चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, पाकिस्तानातल्या तरबेला धरणाचा एक बोगदा पहिल्याच भरणीच्या वेळी कोसळला. तिथली खिंडारे भरायला रोलरचे काँक्रीट वापरले आणि ४२ दिवसांत साडेतीन लाख घनमीटर माल पडला. ती घाईची दुरुस्ती होती, पण एवढ्या वेगाने काँक्रीट घालता येते हे सगळ्यांना दिसले. १९८० च्या सुमारास जपानने ८९ मीटर उंचीचे शिमाजिगावा धरण पुरे केले. जपानी लोक सावध, त्यांनी आत रोलरचे आणि बाहेरून जाड जुन्या पद्धतीच्या काँक्रीटचे कवच ठेवले. अमेरिकेने ते केले नाही. ओरेगनमधल्या विलो क्रीक धरणाच्या पोटात १९८२ मध्ये एका घनमीटरला ४७ किलो सिमेंट आणि १९ किलो फ्लाय अ‍ॅश, एवढेच घातले. आपल्या घराच्या स्लॅबला एका घनमीटरला तीनशे किलोच्या वर सिमेंट जाते, यावरून अंदाज करा. पाच महिन्यांच्या आत ते धरण उभे राहिले, खर्च वाचला, आणि पाणी भरल्यावर सांध्यांतून पाझरू लागले. नंतर भोके पाडून सिमेंटचा ग्राउट, म्हणजे पातळ लगदा, भरावा लागला. धरण पडले नाही, पडण्यातलेही नव्हते. पण कोरडा माल रोलरने कितीही दाबला तरी थराला थर चिकटत नाही, हे तिथे कळले.

मग उलटा विचार सुरू झाला. युटा राज्यातल्या अप्पर स्टिलवॉटर धरणात १९८० च्या दशकात फ्लाय अ‍ॅश सिमेंटच्या दुपटीहून जास्त घातली. लगदा भरपूर झाला, खालच्या थरात वरचा थर रुतून बसला. सांधे चांगले जमले. मात्र तिथे उभ्या फटी सोडल्या नव्हत्या, त्यामुळे धरण आपल्या मर्जीने तडकले आणि त्या तडांतून पाणी आले. दोन्ही धडे मिळूनच आजची पद्धत झाली. लगदा जास्त, उभे सांधे आखून.

गेल्या तीसेक वर्षांत जी सुधारणा झाली ती बहुतेक सगळी या सांध्याभोवतीच झाली आहे. काँक्रीट उशिरा आळावे म्हणून रसायन घालतात. माल चांगला असेल तर पहिला घट्टपणा यायला वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे वरचा थर येईपर्यंत खालचा जिवंत असतो आणि दोघे मिळून एकच होतात. साइटवर याला हॉट जॉइंट म्हणतात. चीनमध्ये ज्यांग्या धरणावर १९९० च्या दशकात आणखी एक युक्ती वापरली. थर अगदी आडवा पसरायचाच नाही, किंचित उतार देऊन पसरायचा. उतरत्या पट्ट्याचे क्षेत्रफळ लहान, त्यामुळे वरचा थर काही तासांतच येऊन पडतो. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आमच्याकडची भाताची खाचरे आठवली. एवढासा तुकडा घ्यायचा, तो पुरा करायचा, मग पुढचा.

पाण्याच्या बाजूचा पृष्ठभाग हा दुसरा नाजूक भाग. तिथे रोलर कडेपर्यंत पोचत नाही. तिथल्या ताज्या आरसीसीवर सिमेंटचा पातळ ग्राउट ओततात आणि नीडल व्हायब्रेटरने एकजीव करतात. ही पद्धतही चिनी लोकांनी रुळवली, आता जगभर चालते. कोलंबियातल्या १८८ मीटरच्या मिएल धरणाला पाण्याच्या बाजूने पीव्हीसीचा पडदाच लावला आहे. आणि आता उंची कुठे पोचली आहे ती पाहा. चीनचे लाँगटान १९२ मीटर, इथिओपियात ओमो नदीवरचे गिबे ३ सुमारे २४६ मीटर. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नाईलवरच्या ज्या मोठ्या इथिओपियन धरणाचे उद्घाटन झाले आणि ज्याच्या बातम्या आपणही छापल्या, त्याचे मुख्य धरणही याच रोलरच्या काँक्रीटचे आहे, एक कोटी घनमीटरहून जास्त.

हे सगळे लांबचे. आपल्या दारातले कुणाला ठाऊक आहे? भारतातली पहिली आरसीसी धरणे घाटघर उदंचन प्रकल्पाची. वरचे धरण अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर, आणि खालचे, ८६ मीटर उंचीचे, आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. जपानच्या कर्जसाहाय्यातून झालेला हा प्रकल्प. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच खाली सोडून १२५ मेगावॅटची दोन यंत्रे चालवायची. घाटघरला पाऊस पाच-पाच हजार मिलिमीटर पडतो. अशा ठिकाणी कोरड्या महिन्यांत काम उरकणारी पद्धत निवडली, हे मला फार योग्य वाटते. २००८ पासून तिथे वीज होते. त्यानंतर मुंबई महापालिकेने शहापूर-मोखाड्याच्या सीमेवर मध्य वैतरणा धरण बांधले, १०२ मीटरचे, तेही आरसीसीच. मुंबईला त्यातून दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी जाते. म्हणजे या देशात ही विद्या जिथे रुजली तो आपला मुलूख आहे. पण चोंढ्याच्या धरणावर आपल्या किंवा दुसऱ्या कुठल्या दैनिकात एक सविस्तर लेख आल्याचे माझ्या वाचनात नाही. ठाण्याच्या शाळांच्या सहली कुठे कुठे जातात, तिथे जात नाहीत.

आता एका रात्रीबद्दल लिहिते.

मी सांगितले त्या परराज्यातल्या धरणावर एप्रिल महिना होता. रात्री दीडच्या सुमारास माल आणणारा पट्टा तुटला. पसरलेला थर उघडा पडून राहिला. किती वेळ उघडा आणि किती तापमानात, या दोन्हींचा गुणाकार आम्ही वहीत मांडायचो. ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेला की सांधा थंड झाला असे धरायचे. पट्टा दुरुस्त होईपर्यंत दिवस वर आला आणि आकडा ओलांडला गेला. थराच्या काही भागात अंगठा दाबला तर ठसा उमटेना. पाळीच्या प्रमुखांना काम पुढे न्यायचे होते. त्यांच्यावर महिन्याच्या घनमीटरांचे ओझे होते, ते माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, पाणी मारा, रोलरच्या दोन फेऱ्या जास्त द्या. आमचे ज्येष्ठ थराच्या मधोमध जाऊन उभे राहिले. म्हणाले, पाण्याचा जेट मारून खडी उघडी केल्याशिवाय आणि बेडिंग मॉर्टर, म्हणजे थर चिकटवणारा सिमेंट-वाळूचा माल, पसरल्याशिवाय मी सही करणार नाही. बारा तास काम थांबले. त्यांना वरून फार बोलणी बसली. त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत.

पुढच्या हंगामात कोअर काढले. आरसीसीची ताकद ९० दिवसांनी, कधी वर्षाने धरतात, कारण फ्लाय अ‍ॅश सावकाश काम करते. ड्रिलने वरपासून खालपर्यंत काँक्रीटचा लांब दंडगोल काढून पेटीत मांडतात. त्या बारा तासांच्या पातळीवरचा कोअर अखंड आला. सांधा कुठे होता ते उंची मोजून शोधावे लागले. त्याच धरणाच्या दुसऱ्या टोकाला मात्र एका पातळीवर कोअर दोन तुकड्यांत आला. दोन्ही तोंडे फरशीसारखी गुळगुळीत. त्या रात्री तिथे लॅबचे कुणी नव्हते. आम्ही अहवाल दिला. त्याचे पुढे काय झाले ते आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि आमचा करार संपला. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तेव्हा लिहायला हवी होती.

सांध्याची मला एवढी काळजी का, याचे दुसरे कारण माझ्या माहेरचे आहे. १९८३ साली भातसा धरण भरले त्या सुमारास खर्डीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. मांडणीवरची भांडी वाजायची, आई आम्हाला अंगणात झोपवायची. गावातली म्हातारी माणसे कोयनेचे नाव घ्यायची. १९६७ च्या डिसेंबरातल्या त्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या होत्या. धरण टिकले, नंतर त्याला आधार देऊन मजबूत केले. भूकंपात धरण मागे-पुढे झुलते आणि एरवी वजनाने दाबून बसलेले सांधे क्षणभर ताणले जातात. दाब सहन करायला काँक्रीट समर्थ आहे. ताण आला की थराला थर किती चिकटला आहे, तेवढेच कामाला येते.

म्हणून माझे म्हणणे आहे की नव्या धरणांबद्दल लिहिताना वेगाचे कौतुक जरूर करा, पण वेगाबरोबर सांध्याचा हिशेब मागा. मोठे काम सुरू होण्याआधी प्रत्येक आरसीसी धरणाच्या जागी चाचणीचा बांध घालतात, खऱ्या यंत्रांनी, खऱ्या मालाने. त्याचे कोअर काढतात. त्याचा निकाल काय आला? काम चालू असताना थंड सांधे किती झाले आणि त्यांवर काय केले? कोअरमधले किती सांधे अखंड निघाले? हे आकडे प्रत्येक साइटवर असतात, मी स्वतः अशा वह्या भरल्या आहेत. ते फाइलमध्ये राहतात. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला, त्यामुळे धरणाच्या मालकावर देखरेखीची आणि नोंदींची जबाबदारी आली आहे. त्या नोंदी धरणाखाली राहणाऱ्या माणसालाही पाहता याव्यात.

धरण भरल्यावरचा एक आकडा तर अगदी सोपा आहे. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत पाझराचे पाणी चरातून वाहत एका जागी येते. तिथे इंग्रजी व्ही आकाराची खाच कापलेली पट्टी बसवलेली असते. खाचेतून पाणी किती उंच वाहते यावरून मिनिटाला किती लिटर पाझर आहे ते कळते. थोडा पाझर सगळ्याच धरणांना असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बघायचे ते एवढेच की त्याच पाणीपातळीला तो वर्षागणिक वाढतो की घटतो, आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ.

संपादक महोदय, आपण दर पावसाळ्यात पहिल्या पानावर तलावांची पातळी छापता. भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा. नवी मुंबईकरांसाठी मोरबे, आणि बारवी. माझे यजमान पेपर उघडला की आधी तो तक्ता वाचतात. जुलैत आमच्या सोसायटीत त्यावर बोलणे होते. त्याच तक्त्यात वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास धरणे भरलेली असताना, पाझराचा एक रकाना घाला. पाटबंधारे खात्याकडे आणि महापालिकांकडे तो मागा. पहिल्या वर्षी सगळ्यांचा मिळणार नाही. जो मिळेल तो छापा आणि ज्यांचा मिळाला नाही त्यांची जागा कोरी ठेवा. तीन-चार वर्षांत लोकांना तो आकडा वाचायची सवय होईल.

माझ्या माहेरच्या पट्ट्यातल्या लोकांचा यात पहिला हक्क आहे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. त्यानंतर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा झाली. आणि आजही एप्रिल-मे उजाडला की शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो; माझी वहिनी हंडे लावून त्याची वाट बघते. धरणाची भिंत त्यांच्या शेजारी, पाण्याची लाइन त्यांच्या अंगणावरून जाते. निदान ती भिंत कशी आहे हे त्यांना मराठीत, कळेल अशा शब्दांत कुणीतरी सांगायला हवे. नव्या धरणांच्या जनसुनावण्या होतील तेव्हा बुडणाऱ्या जमिनीचे आणि झाडांचे प्रश्न लोक विचारतीलच, ते विचारायलाच हवेत. त्याबरोबर एखाद्या आजीने ‘साहेब, कोअर किती अखंड निघाले?’ असे विचारले तर तिला उत्तर मिळाले पाहिजे.

त्या चौकटीतली दुरुस्ती आपण छापाल, ही विनंती आहे. दोन ओळी पुरतील: धरणाच्या संदर्भात आरसीसी म्हणजे रोलरने दाबलेले काँक्रीट, त्याच्या मूळ भिंतीत सळ्या नसतात.

आणि लेख लिहिणाऱ्या आपल्या वार्ताहराला वेळ असेल तर त्यांनी खारेगावला आमच्याकडे यावे. चाचण्या संपल्यावर टाकून द्यायच्या ढिगातून मी परवानगी घेऊन एक कोअरचा तुकडा आणला होता, वीतभर लांब, त्या बारा तासांच्या पातळीवरचा. तो गॅलरीत खिडकीखाली ठेवला आहे. त्याच्या मधोमध सांधा आहे. हात फिरवून पाहा, लागत नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
खारेगाव, कळवा (ठाणे)